जुनी गाणी, बिनाका गीतमाला आणि 'हे गाणं एक नंबरवर होतं का?' : नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

कोजागिरी असो, गणपती मंडळाचा ऑर्केस्ट्रा असो नाहीतर लग्नाच्या आदल्या रात्रीची बैठक, जुनं गाणं लागलं की कुणीतरी विचारतोच, "हे त्या वर्षीचं टॉपचं गाणं होतं ना?" मग वाद सुरू होतात आणि गाणं राहते बाजूला. म्हणून नेहमी येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एका जागी टाकून देतो.

बिनाका गीतमाला म्हणजे नेमकं काय होतं? आमच्या घरी सगळे नुसतं नाव घेतात.

रेडिओ सिलोनवर, म्हणजे आजच्या श्रीलंकेच्या रेडिओवर, दर बुधवारी रात्री आठला लागणारा हिंदी सिनेमाच्या गाण्यांचा कार्यक्रम. डिसेंबर १९५२ मध्ये सुरू झाला, सादर करायचे अमीन सायानी, "बहनो और भाइयो" वाले. बिनाका म्हणजे टूथपेस्ट, तिच्या कंपनीने पैसे लावले म्हणून ते नाव, पुढे त्याच पेस्टचं नाव सिबाका झालं तशी गीतमाला पण सिबाका झाली. पहिल्या पहिल्यांदा तर नंबर वगैरे काही नव्हते, सात गाणी उलटसुलट क्रमाने वाजवायची आणि श्रोत्यांनी सिनेमा कोणत्या साली आला त्याप्रमाणे ती लावून पाठवायची, बरोबर आलं तर बक्षीस. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजारच्या आसपास पत्रं आली असं सायानी स्वतः सांगायचे. मग पत्रांचा असा ढीग पडायला लागला की तो मोजता मोजता लोक थकले, आणि त्यातून गाण्यांना क्रमांक द्यायची पद्धत आली. त्या क्रमांकाला ते 'पायदान' म्हणायचे आणि वर्षातलं सगळ्यात वरचं गाणं म्हणजे 'सरताज गीत'.

पण सिलोनहूनच काहून? आपला रेडिओ नव्हता का?

होता ना. पण १९५२ मध्ये बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री झाले, आपला मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा कट्टर चाहता, आणि सिनेमाची गाणी त्यांना बिलकुल पसंत नव्हती. आकाशवाणीवर सिनेसंगीताचा वेळ कमी कमी होत गेला, गाण्यासोबत सिनेमाचं नाव सांगायचं नाही कारण ती जाहिरात होते असाही नियम निघाला, त्यावरून निर्मात्यांचं आणि आकाशवाणीचं वाजलं आणि गाणी जवळजवळ बंदच झाली.

तिकडे कोलंबोत दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी उभारलेला जबरदस्त ताकदीचा शॉर्टवेव्ह ट्रान्समीटर पडून होता, तो रेडिओ सिलोनच्या हाती आला आणि भारतभर ऐकू जायला लागला. कार्यक्रम रेकॉर्ड व्हायचा मुंबईत, टेप विमानाने कोलंबोला जायची, तिथून गाणं लाटेवर बसून परत आपल्याकडे. शॉर्टवेव्ह असल्यामुळे आवाज मधेच बुडायचा, मधेच वर यायचा, म्हणून ज्यांनी ती गाणी तेव्हा ऐकली त्यांना आजही स्वच्छ रेकॉर्डिंग ऐकलं की काहीतरी कमी वाटते. शेवटी सरकारने १९५७ मध्ये ३ ऑक्टोबरला विविध भारती सुरू केली ती बऱ्याच अंशी ह्या सिलोनला उत्तर म्हणूनच. गंमत म्हणजे गीतमाला पुढे स्वतःच विविध भारतीवर आली आणि १९९४ च्या सुमारास थांबली. अमीन सायानी २०२४ च्या फेब्रुवारीत गेले.

नंबर कसे ठरायचे? लोकांच्या मतावर का?

सुरुवातीला मुख्य आधार रेकॉर्डच्या दुकानांतल्या विक्रीचा. वेगवेगळ्या शहरांतल्या दुकानदारांकडून कोणती रेकॉर्ड किती गेली ते मागवायचं. पण त्यात एक लोचा होता, एखादी रेकॉर्ड इतकी खपायची की दुकानातला मालच संपायचा आणि माल नाही तर विक्री नाही, विक्री नाही तर गाणं यादीत खाली. म्हणजे गाणं जास्त आवडलं म्हणून त्याचा नंबर घसरला! म्हणून मग जोडीला श्रोता संघ आले, गावोगावच्या रेडिओ क्लबांनी आपली पसंती कळवायची आणि दोन्ही जुळवून पायदान ठरायची. वर्षाच्या शेवटी सगळ्या आठवड्यांचे गुण मिळवून वार्षिक यादी.

मग घोळ करता येत असेल की!

प्रयत्न व्हायचे, हाव. आपल्या सिनेमाच्या रेकॉर्डी आपणच विकत घ्यायच्या, एकाच हाताने लिहिलेली पत्रांची थप्पी पाठवायची, असे प्रकार होते आणि सायानींनी मुलाखतींमध्ये ते लपवलं नाही. दोन स्रोत ठेवण्यामागे तेही एक कारण होतं. पण माझं मत विचाराल तर पैसे देऊन गाणं चार आठवडे वर ठेवता येते, वर्षभर नाही.

वर्षात पहिली आलेली गाणी कोणती ते सांगा ना.

सगळी नाही सांगत, ज्यांच्यावरून वाद होतात तेवढी सांगतो. १९५३ चं 'ये जिंदगी उसी की है', सिनेमा अनारकली, संगीत आपले सी. रामचंद्र. १९६० चं 'जिंदगी भर नहीं भूलेगी', बरसात की रात. १९६६ चं 'बहारों फूल बरसाओ'. १९७२ ला 'दम मारो दम'. १९८० ला 'डफलीवाले', १९८१ ला 'मेरे अंगने में'.

आणि आता खरी मजा, १९५७. त्या वर्षी नया दौर आला, प्यासा आला, मदर इंडिया आला. कुणालाही विचारा पहिलं गाणं कोणतं असेल, 'उडे जब जब जुल्फें' म्हणतील, 'जाने वो कैसे' म्हणतील. पहिलं आलं 'जरा सामने तो आओ छलिये'. सिनेमा 'जनम जनम के फेरे', संगीत एस. एन. त्रिपाठी, शब्द भरत व्यास, आवाज रफी आणि लता. त्रिपाठी म्हणजे पौराणिक सिनेमांचे संगीतकार, मोठ्या बॅनरच्या यादीत त्यांचं नाव कुणी घेत नसे. सिनेमा आज कुणाला आठवत नाही पण हे गाणं भजनी मंडळातही चालते आणि प्रेमगीत म्हणूनही चालते, देवाला म्हणा का प्रेयसीला, आणि मला वाटते तिथेच त्याने बाजी मारली.

'प्यार किया तो डरना क्या' पहिलं नव्हतं? शक्यच नाही.

नव्हतं भाऊ. मुगल-ए-आझम लागला ऑगस्ट १९६० मध्ये, म्हणजे वर्षाचे सात महिने गेल्यावर, आणि गुण मोजायचे आठवड्या आठवड्याला. उशिरा आलेलं गाणं वर्षाच्या हिशोबात मार खाते. ह्याची उलटी बाजू पण बघा, 'महंगाई मार गई' चा सिनेमा रोटी कपडा और मकान आला १९७४ च्या ऑक्टोबरमध्ये आणि गाणं सरताज झालं १९७५ चं. बरं, १९७५ ला शोले आला होता हे विसरू नका. शोलेच्या गाण्यांपेक्षा त्याच्या डायलॉगच्या रेकॉर्डी जास्त गाजल्या, पानठेल्यावर "कितने आदमी थे" वाजायचं, गाणं नाही, आता ते कोणत्या यादीत मोजणार?

नागपूरचा ह्या सगळ्याशी काही संबंध आहे का, का उगाच?

आहे आणि तो लोकांना माहीत नसतो. आकाशवाणीचं नागपूर केंद्र १९४८ चं, सिव्हिल लाइन्सवालं. आणि सरकारी रेडिओवर जेव्हा पहिल्यांदा जाहिराती सुरू झाल्या, नोव्हेंबर १९६७ मध्ये, तेव्हा ज्या केंद्रांवर त्या सुरू झाल्या ती तीन : मुंबई, पुणे आणि नागपूर. दिल्ली नाही, मद्रास नाही, कलकत्ता नाही, नागपूर! म्हणजे सिलोनवर जो साबण आणि टूथपेस्टचा पैसा जात होता तो परत आणायच्या प्रयोगात आपलं गाव पहिल्या तिघांत होतं. तेव्हा रेडिओ ठेवायला पोस्टातून लायसन्स काढावं लागायचं, दरवर्षी पैसे भरायचे, आणि ज्याच्या घरी रेडिओ त्याच्या ओसरीवर बुधवारी अर्धा मोहल्ला. महाल, इतवारीतल्या जुन्या लोकांना विचारा, कुणाच्या घरी बसून ऐकायचो ते अजून नावासकट सांगतात.

मराठी गाण्यांमध्ये एक नंबरचं गाणं कोणतं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि ह्याचं सरळ उत्तर आहे की असा नंबर कुणी ठेवलाच नाही. मराठी गाण्याची गीतमाला कधी झालीच नाही. आकाशवाणीवर 'आपली आवड' होतं, फर्माइशी यायच्या, पोस्टकार्डं यायची, पण ती वाचून गाणी लावायची, त्यांची आठवड्याला यादी करून पहिलं दुसरं लावायचं असं नव्हतं. भावगीत, नाट्यगीत, लावणी, अभंग, सिनेमाचं गाणं आणि भीमगीत हे एका तराजूत तोलणार कसं हाही प्रश्नच होता. म्हणून 'मराठीतलं सर्वकालीन नंबर वन' असं कुणी पाठवलं तर त्याला विचारा कोणाच्या यादीत. उत्तर येणार नाही.

मग मराठी गाणं हिट झालं हे कशावरून समजायचं?

वेगवेगळ्या खुणा आहेत, आणि त्या नंबरपेक्षा जास्त बोलतात असं मी तरी मानतो.

गीतरामायण घ्या. १ एप्रिल १९५५, रामनवमी, पुणे आकाशवाणी. कल्पना सीताकांत लाड ह्यांची, शब्द गदिमा, चाल सुधीर फडके. दर आठवड्याला एक नवं गाणं, त्या वर्षी अधिक महिना आला म्हणून एकूण छप्पन. आज कुणाला म्हणा की दर आठवड्याला नवीन कविता, नवीन चाल, नवीन गायक घेऊन एक वर्ष चालव, चौथ्या आठवड्यात फोन उचलणार नाही. पहिल्याच गाण्याच्या वेळी कागद हरवला, गदिमा म्हणे मी दिला, फडके म्हणे मला मिळालाच नाही, आणि शेवटी गदिमांना खोलीत बसवून पुन्हा लिहून घेतलं, ही गोष्ट तर सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. लोक रेडिओला हार घालायचे, उदबत्ती लावायचे. ह्याला कोणता नंबर देणार?

सिनेमाचं असेल तर थेटरात किती आठवडे चालला ते बघायचं. दादा कोंडकेंचे लागोपाठ नऊ सिनेमे सिल्व्हर ज्युबिली झाले आणि गिनीज बुकात नोंद झाली, त्यात गाण्यांचा वाटा केवढा ते वेगळं सांगायला नको. मग कॅसेटचा जमाना आला तेव्हा तर आनंद शिंदेंचं 'जवा नवीन पोपट हा' कुठल्या रेडिओच्या कृपेशिवाय पानठेला, रिक्षा, वरात असं करत घरोघरी पोहोचलं. चांगल्या घरातले लोक नाक मुरडायचे आणि वरातीत तेच नाचायचे.

आणि एक खूण म्हणजे बँड. बँडवाल्याला न सांगता तो जे गाणं वाजवतो ते हिट. 'बहारों फूल बरसाओ' सरताज होऊन अर्धं शतक उलटून गेलं, नवरदेव मांडवाच्या दाराशी आला की अजून तेच.

नागपूरची म्हणावी अशी गाणी कोणती?

बसा निवांत, हे लांबणार आहे.

सगळ्यात आधी राजा बढे. जन्म नागपूरचा, १९१२ चा. 'जय जय महाराष्ट्र माझा' त्यांचं, संगीत श्रीनिवास खळे, आवाज शाहीर साबळे. १९ फेब्रुवारी २०२३ पासून ते अधिकृत राज्यगीत झालं. आता हाच माणूस 'चांदणे शिंपीत जाशी' लिहितो आणि हाच माणूस सुलोचना चव्हाणांसाठी 'कळीदार कपुरी पान' लिहितो. राज्यगीत आणि बैठकीची लावणी एकाच लेखणीतून! आणि लावणीचीही चाल खळे साहेबांचीच. शाळेत झेंड्यापुढे ताठ उभं राहून म्हणणाऱ्या पोरांना हे कुणी सांगत नाही, सांगायला पाहिजे.

मग सुरेश भट. जन्म अमरावतीचा, पण शेवटपर्यंत राहिले नागपुरात, १४ मार्च २००३ ला इथेच गेले. रेशीमबागेत २०१७ पासून त्यांच्या नावाचं मोठं सभागृह आहे. 'मेंदीच्या पानावर' लताबाईंचं, 'तरुण आहे रात्र अजुनी' आशाताईंचं, 'उषःकाल होता होता' १९७९ च्या सिंहासनमधलं, 'सुन्या सुन्या मैफिलीत माझ्या' १९८२ च्या उंबरठामधलं, आणि ह्या चारही चाली हृदयनाथ मंगेशकरांच्या. लोक फक्त गाण्यांबद्दल बोलतात पण भटांनी अजून एक काम केलं, 'गझलेची बाराखडी' लिहून ती नव्या पोरांना पाठवायचे, पत्रातून गझल तपासून द्यायचे. आज विदर्भात गल्लीगल्लीत गझल लिहिणारे दिसतात त्याची मुळं तिथे. आणि ते गेल्यावर २०१० मध्ये कौशल इनामदारांनी त्यांचं 'लाभले आम्हांस भाग्य' शेकडो गायकांकडून गाऊन घेतलं आणि ते मराठी अभिमानगीत झालं. म्हणजे राज्यगीत नागपूरकराचं आणि अभिमानगीतही नागपूरकराचं, पुणेकरांनी नोंद घ्यावी.

कवी ग्रेस, मॉरिस कॉलेजात शिकवायचे. 'भय इथले संपत नाही' लताबाईंनी गायलं, महाश्वेता मालिकेचं शीर्षकगीत म्हणून ते दूरदर्शनवरून घराघरात गेलं. ग्रेस समजत नाही अशी तक्रार करणारा माणूसही हे गाणं लागलं की गप्प बसतो.

आणि वसंतराव देशपांडे. जन्म मूर्तिजापूरचा पण वाढले नागपुरात, शंकरराव सप्रे गुरुजींकडे शिकले. सिव्हिल लाइन्समधलं सभागृह त्यांच्याच नावाचं, जिथे आपण नाटकाला जाऊन पार्किंगसाठी भांडतो ते. मिलिटरी अकाउंट्समध्ये नोकरी करत करत गायले, १९६७ ला 'कट्यार काळजात घुसली' मधले खाँसाहेब केले तेव्हा वय सत्तेचाळीस. 'घेई छंद मकरंद' तिथलं. 'दाटून कंठ येतो' १९७९ च्या अष्टविनायकमधलं, मुलीच्या पाठवणीला हे लावू नका असं मी सगळ्यांना सांगतो, कुणी ऐकत नाही, मग सगळा मांडव रडून राहतो आणि जेवण थंड होते.

तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं ह्यात धरायची का असा एक उपप्रश्न येतो. धरा, का नाही. 'या झोपडीत माझ्या' पाठ नाही असा जुना वैदर्भीय दाखवा.

'अजुनी रुसून आहे' हे गाणं कवी अनिलांनी बायको गेली त्या दिवशी लिहिलं ना? आमच्या फॅमिली ग्रुपवर आलं होतं.

तुमच्याच नाही, सगळ्यांच्याच ग्रुपवर आलंय. अनिल म्हणजे आत्माराम रावजी देशपांडे, नागपूरशी घट्ट नातं असलेले, आणि कुसुमावती देशपांडे म्हणजे स्वतः मोठ्या समीक्षक, मॉरिस कॉलेजात शिकवलेल्या, १९६१ मध्ये ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष, संमेलनाच्या पहिल्या महिला अध्यक्ष. त्याच वर्षी त्या गेल्या. दोघांची पत्रं 'कुसुमानिल' म्हणून छापली आहेत, ती वाचा, व्हॉट्सअपपेक्षा फार सुंदर आहेत.

आता ती गोष्ट. तुम्ही कुमार गंधर्वांचं रेकॉर्डिंग लावा आणि शब्द नीट ऐका. समजूत काढायची म्हणूनच रुसायचं, आणि हस म्हटलं की रडता रडता हसायचं, असा नेहमीचा खेळ त्यात सांगितलाय आणि आज तो खेळ का चालत नाही ह्याची काळजी आहे. हे जिवंत माणसाच्या रुसव्याचं गाणं आहे, समोर बसलेल्या. मृतदेहापाशी बसून लिहिलेलं वगैरे नाटक त्याला चिकटवायची काही गरज नाही, गाणं तसंही पुरेसं दुखते.

जुन्या रेकॉर्डवर गायकाचं नाव का नसते?

कारण सुरुवातीला पद्धत अशी की सिनेमातल्या पात्राचं नाव छापायचं. महल, १९४९, 'आएगा आनेवाला' च्या रेकॉर्डवर नाव होतं 'कामिनी', म्हणजे मधुबालाच्या पात्राचं. गाणं वाजलं, लोक वेडे झाले, रेडिओला पत्रांवर पत्रं की ही गाते कोण, तेव्हा कंपनीला विचारून नाव जाहीर करावं लागलं : लता मंगेशकर. त्यानंतर हळूहळू गायकाचं नाव छापायला लागले.

ही गाणी सगळी तीन-साडेतीन मिनिटांचीच का?

७८ ची म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी रेकॉर्ड, तिच्या एका बाजूला तेवढंच मावायचं, म्हणून. मोठं गाणं असलं तर अर्धं ह्या बाजूला, अर्धं त्या बाजूला, मधे उठून रेकॉर्ड उलटी करायची. एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी रेकॉर्ड, आली तरी सवय तीच राहिली.

'ऐरणीच्या देवा तुला' चे संगीतकार आनंदघन कोण? त्यांची बाकी गाणी मिळत नाहीत.

मिळतील, कारण त्या लताबाईच आहेत. आनंदघन हे त्यांनी संगीत देताना घेतलेलं नाव. गाणं जगदीश खेबुडकरांचं, सिनेमा भालजी पेंढारकरांचा साधी माणसं, १९६५. राज्य पुरस्कारात संगीताचं बक्षीस आनंदघनला जाहीर झालं आणि बाई समोर गप्प बसून, शेवटी सूत्रसंचालकाने सांगून टाकलं की आनंदघन इथेच बसलेत. 'अखेरचा हा तुला दंडवत' पण त्यांचीच चाल, मराठा तितुका मेळवावा मधली.

आता यूट्यूबवर जुन्या गाण्याला कोटी कोटी व्ह्यूज दिसतात, तोच आजचा नंबर समजायचा का?

समजा, पण एवढं लक्षात ठेवा की एकच गाणं दहा जणांनी टाकलेलं असते, व्ह्यूज वाटले जातात, आणि ज्याची चांगली प्रिंट कंपनीने टाकली ते वर दिसते. झिंगाटशी गीतरामायणाची तुलना करणाऱ्यांना मी उत्तर देत नाही, दोन्ही ऐकतो.

आजोबांच्या रेकॉर्डी माळ्यावर सापडल्या, काय करू?

पहिलं म्हणजे माळ्यावरून खाली आणा, आजच. नागपूरचा मे महिना आणि पत्र्याखालचा माळा म्हणजे एलपी वाकलीच समजा. आडव्या थप्पीने रचू नका, उभ्या ठेवा. जड, काळ्या, पडल्या की फुटतात त्या ७८ च्या, लाखेच्या, त्यांना स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावून पुसू नका, लाख विरघळते आणि गाणं जाते. मऊ कोरड्या ब्रशने धूळ काढा. आणि एलपीच्या बारीक सुईवर ७८ वाजवू नका, तिची खाच रुंद असते, तिला जाड सुई लागते, नाहीतर नुसती खरखर ऐकू येईल आणि तुम्ही म्हणाल रेकॉर्ड खराब आहे. विकायच्या असतील तर विकण्याआधी लेबलांचे फोटो काढून ठेवा, नंबरासकट, कारण कोणतं गाणं कोणत्या कंपनीने कधी काढलं हे शोधायला पुढे तेवढाच आधार उरतो.